सबबँड एको कॅन्सलर पंधरा-वीस डेसिबलवर अडकतो तेव्हा दोष कुठे शोधावा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांना लागून ज्या कचेऱ्या आहेत, तेथील बैठकीच्या खोल्यांतून परगावच्या आणि परदेशातल्या खरेदीदारांशी दिवसभर बोलणी चालतात, आणि तेथे बसवलेल्या स्पीकर-मायक्रोफोनविषयी एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो. खोलीत बसलेल्यांना यातले काहीच जाणवत नाही, त्यामुळे मालकांचे उत्तरही ठरलेले असते. "अहो, आम्हाला इथं एकदम स्वच्छ ऐकू येतंय, बिघाड त्यांच्याकडंच असणार." वस्तुस्थिती उलटी असते. पलीकडचा आवाज आपल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, शहाबादी फरशी, काचेची तावदाने आणि उघड्या भिंती यांवरून परावर्तित होऊन आपल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि परत जातो. तो वजा करण्याची जबाबदारी आपल्या बाजूच्या एको कॅन्सलरची असते.

हे टिपण अशा कॅन्सलरचा प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांनी पूर्ण पट्ट्याचा एनएलएमएस (त्रुटीवरून स्वतःचे गुणक सुधारत शिकणारा) फिल्टर सोडून सबबँड रचना, म्हणजे आवाज वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यांत फोडून प्रत्येक पट्ट्यात वेगळा फिल्टर चालवणारी रचना, स्वीकारली आहे त्यांच्यासाठी. लक्षण असे असते: संभाषण सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत प्रतिध्वनी झपाट्याने घटतो, ईआरएलई, म्हणजे मायक्रोफोनमधील शक्ती आणि वजाबाकीनंतर उरलेली शक्ती यांचे गुणोत्तर, पंधरा-वीस डेसिबलपर्यंत चढते आणि तेथेच थांबते. उरलेला प्रतिध्वनी पातळ, डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. यावर बहुतेक जण पहिला हात घालतात तो म्यू या पायरीच्या मापाला, म्हणजे स्टेप साइजला. तो कमी करून पाहतात, वाढवून पाहतात, मग एनएलएमएस काढून अफाइन प्रोजेक्शन हा अधिक वेगाने शिकणारा अल्गोरिदम बसवतात, आणि फरक जेमतेम पडतो. माझे मत स्पष्ट आहे: या लक्षणात दोष बहुधा शिकणाऱ्या अल्गोरिदममध्ये नसतो, तो त्याच्या आधीच्या, आवाज पट्ट्यांत फोडणाऱ्या फिल्टर बँकेत असतो, आणि फिल्टर बँक तपासल्याशिवाय म्यूला हात लावू नये.

ज्या रचनेवर पुढचे आकडे बेतले आहेत ती

नमुन्यांचा दर १६ किलोहर्ट्झ आणि खोलीचा प्रतिसाद २५० मिलिसेकंद धरला, तर पूर्ण पट्ट्याच्या फिल्टरला ४,००० टॅप (गुणक) लागतात. प्रत्येक नमुन्यामागे गाळण्यासाठी एकदा आणि अद्ययावत करण्यासाठी एकदा असे टॅपांच्या दुप्पट गुणाकार धरल्यास सेकंदाला १२ कोटी ८० लाख गुणाकार होतात. तेच काम ६४ चॅनेलांच्या डीएफटी (डिस्क्रीट फूरिये ट्रान्सफॉर्मवर आधारलेल्या) बँकेत, दर ३२ नमुन्यांतून एक ठेवून केले, तर प्रत्येक पट्ट्याचा दर ५०० हर्ट्झ होतो, १२५ टॅप पुरतात, आणि मूळ संकेत वास्तव असल्यामुळे ६४ पैकी ३३ पट्टेच चालवावे लागतात. कॉम्प्लेक्स गुणाकाराचे चार वास्तव गुणाकार धरूनही बेरीज १ कोटी ६५ लाखांच्या आसपास येते. फिल्टर बँकेचा स्वतःचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. बोलण्याचा स्पेक्ट्रम कमालीचा असमान असल्यामुळे पूर्ण पट्ट्यात ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आयगेन मूल्यांत प्रचंड अंतर पडते आणि एनएलएमएस रेंगाळतो. २५० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात स्पेक्ट्रम बराच सपाट असतो, म्हणून प्रत्येक फिल्टर लवकर शिकतो. निदान कागदावर तरी असेच असते.

आधी खोली बाजूला ठेवा

तपासणी तीन पायऱ्यांनी करावी, आणि पहिली पायरी पूर्णपणे संगणकाच्या आत असावी. पांढरा नॉइज (सर्व वारंवारतांवर सारखी शक्ती असलेला) घ्यावा, तो एका माहीत असलेल्या, मर्यादित लांबीच्या एफआयआर मार्गातून (घसरत्या मोठेपणाचे २,००० यादृच्छिक टॅप चालतील) पाठवावा, त्यात दुसरा कोणताही आवाज मिसळू नये, आणि कॅन्सलर चालवावा. येथे माग नाहीत, पंखा नाही, स्पीकरची विकृती नाही, घड्याळांचा फरक नाही. तरीही ईआरएलई वीसवरच अडकत असेल, तर खोलीविषयीचे सगळे तर्क त्या क्षणी बंद करावेत. दुसऱ्या पायरीवर स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुटमधून थेट मायक्रोफोनच्या इनपुटला वायर जोडावी. येथे घड्याळ आणि हार्डवेअर यांचे दोष उघडे पडतात. खोली तिसऱ्या पायरीवर येते. हा क्रम उलटा करणाऱ्यांचा वेळ कसा वाया जातो हे पाहायचे असेल, तर भर दुपारी, माग चालू असताना, कचेरीत बसून म्यू बदलत राहणाऱ्या तंत्रज्ञाकडे पाहावे.

मोजमाप करतानाही एक पथ्य आहे. ईआरएलई संश्लेषण, म्हणजे पट्टे परत एकत्र जोडणे, झाल्यानंतरच्या पूर्ण संकेतावर मोजावे आणि सोबत उरलेल्या संकेताचा बारीक स्पेक्ट्रम काढावा, म्हणजे २५० हर्ट्झच्या पट्ट्याच्या आत काय चालले आहे ते दिसेल. एकच सरासरी आकडा दोषाचे नाव सांगत नाही. उरलेल्या प्रतिध्वनीचा आकार ते सांगतो. दर २५० हर्ट्झवर, पट्ट्यांच्या सीमांवर, कंगव्याच्या दातांसारखी शिखरे उभी दिसत असतील, तर फिल्टर बँकच दोषी आहे.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष: तयार एसटीएफटी

तयार लायब्ररीतून ६४ नमुन्यांची हॅन विंडो आणि पन्नास टक्के ओव्हरलॅप असलेली एसटीएफटी (आवाजाच्या लहान तुकड्यांचे फूरिये रूपांतर) उचलायची, तिच्या प्रत्येक बिनवर, म्हणजे वारंवारतेच्या कप्प्यावर, एक एनएलएमएस बसवायचा आणि त्याला सबबँड कॅन्सलर म्हणायचे, ही पद्धत फार पसरली आहे. ओव्हरलॅप पन्नास टक्के म्हणजे ३२ नमुन्यांतून एक, म्हणजे वर सांगितलेलीच रचना. वरवर सगळे जुळते. घोटाळा कोठे होतो ते एका स्वरावर पाहू.

पट्टा क्रमांक ४ चा मध्य १,००० हर्ट्झवर आहे. दर ५०० हर्ट्झ असल्यामुळे त्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना २५० हर्ट्झपर्यंतच जागा आहे. त्यापलीकडचे जे काही विंडोतून निसटून आत येईल ते दुमडून दुसऱ्याच जागी बसेल. आता १,३०० हर्ट्झचा शुद्ध स्वर द्या. तो मध्यापासून ३०० हर्ट्झ दूर आहे, म्हणजे या पट्ट्यात यायलाच नको. पण ६४ नमुन्यांच्या हॅन विंडोचे मुख्य शिखर मध्यापासून ५०० हर्ट्झपर्यंत पसरलेले असते. २५० हर्ट्झवर तिचा क्षय केवळ ६ डेसिबल असतो आणि ३०० हर्ट्झवर सुमारे ९ डेसिबल. म्हणून तो स्वर ९ डेसिबल कमी होऊन आत येतो आणि दुमडून उणे २०० हर्ट्झवर, म्हणजे खऱ्या ८०० हर्ट्झच्या जागेवर जाऊन बसतो. त्याच जागेवर खरा ८०० हर्ट्झचा घटकही ३.७ डेसिबल कमी होऊन हजर असतो. दोहोंत फक्त पाच-सव्वापाच डेसिबलचा फरक. त्या पट्ट्यातल्या अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरला या एकाच वारंवारतेवर एकच कॉम्प्लेक्स गुणक ठरवता येतो, पण खोलीचा ८०० हर्ट्झवरचा प्रतिसाद वेगळा आणि १,३०० हर्ट्झवरचा वेगळा. तो दोघांनाही एकदम न्याय देऊ शकत नाही; मधलाच काहीतरी गुणक धरून थांबतो. म्यू कितीही बदलला, टॅप कितीही वाढवले, तरी हे बदलणार नाही, कारण शिकण्यासाठी बरोबर असे एक उत्तरच तेथे अस्तित्वात नाही.

हा प्रयोग हातात आहे तोवर करून पाहावा: १,२५० पासून १,५०० हर्ट्झपर्यंत हळू सरकणारा स्वर द्यावा आणि फक्त चौथ्या पट्ट्याचे आउटपुट पाहावे. चांगल्या बँकेत तेथे जवळपास शांतता असते. वाईट बँकेत स्वर वर चढत असताना पट्ट्यातला सूर उलट्या टोकाकडून, उणे २५० हर्ट्झवरून, आत सरकताना दिसतो.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा: "पण आमची बँक परफेक्ट रिकन्स्ट्रक्शनची आहे, अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर काढून टाकले की आवाज जसाच्या तसा परत येतो." तो खरा असतो, आणि येथे गैरलागू असतो. परफेक्ट रिकन्स्ट्रक्शनमध्ये प्रत्येक पट्ट्यात एलियासिंग, म्हणजे वर पाहिलेले दुमडणे, असतेच. संश्लेषणाच्या वेळी शेजारच्या पट्ट्यांतील एलियासिंग एकमेकांना खोडून काढते एवढेच. मध्ये प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळ्या फिल्टरमधून पाठवले की ही खोडाखोड बिघडते. आवाजाची साठवण करण्यासाठी संकुचन करणाऱ्याला जी बँक उत्तम, ती एको कॅन्सलरला उत्तम असेलच असे नाही. क्रिटिकल सॅम्पलिंग, म्हणजे जितके पट्टे तितक्यांतूनच एक नमुना ठेवणे, हे तर या कामाला सरळ अयोग्य आहे. जिलोआर आणि वेट्टर्ली यांनी १९९२ मध्येच दाखवले की तेथे शेजारच्या पट्ट्यांमधले क्रॉस फिल्टर घातल्याशिवाय मार्गाचे अचूक प्रतिरूप बनत नाही, आणि ते क्रॉस फिल्टर घातले की शिकण्याचा वेग आणि खर्च या दोन्हींची किंमत मोजावी लागते. त्यामुळे ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे पट्ट्यांच्या संख्येहून कमी नमुन्यांतून एक ठेवणे, हवेच. प्रश्न इतकाच की ओव्हरसॅम्पलिंगने मिळालेली मोकळी जागा प्रोटोटाइप फिल्टरने, म्हणजे सर्व पट्टे ज्यापासून बनतात त्या मूळ फिल्टरने, खरोखर मोकळी ठेवली आहे का.

उपाय लांब प्रोटोटाइप हा आहे. पासबँड १२५ हर्ट्झपर्यंत आणि स्टॉपबँड २५० हर्ट्झपासून, असा १२५ हर्ट्झचा उतार ६० डेसिबल क्षयासह हवा असेल, तर कायझरच्या सूत्राप्रमाणे लांबी सुमारे ४६४ येते. ४० डेसिबल चालत असेल तर २८६ च्या जवळपास. म्हणजे ६४ नमुन्यांची विंडो ही गरजेच्या सातव्या हिश्श्याइतकी आहे. ४६४ लांबीचा फिल्टर ६४ बिंदूंच्या एफएफटीत (डीएफटी काढण्याच्या जलद रीतीत) कसा बसवायचा, असा प्रश्न नव्याने शिकणाऱ्यांना पडतो: विंडोने गुणलेले ४६४ नमुने, शेवटी शून्ये भरून ५१२ करावेत, ६४-६४ चे आठ तुकडे एकमेकांवर रचून बेरीज करावी आणि मग एफएफटी घ्यावी. पॉलिफेज डीएफटी बँक याहून वेगळी काही नसते. विश्लेषण आणि संश्लेषण दोन्ही मिळून विलंब ४६३ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २९ मिलिसेकंदांचा होतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीतील एका दिशेच्या १५० मिलिसेकंदांच्या मर्यादेत तो बसतो. इतकाही विलंब परवडत नसेल, तर मॉर्गन आणि थी यांची १९९५ ची विलंबरहित रचना पाहावी, जिच्यात शिकणे पट्ट्यांत होते पण गाळणी पूर्ण पट्ट्यात चालते. ली आणि गान यांचा २००४ चा एनएसएएफ (नॉर्मलाइझ्ड सबबँड अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर) हाही पूर्ण पट्ट्याचा एकच भारसंच ठेवत असल्यामुळे वरील एलियासिंगच्या कचाट्यातून सुटतो, मात्र ४,००० टॅपांचा गुणाकारखर्च त्यात सुटत नाही, आणि स्वस्त प्रोसेसर असलेल्या यंत्रात बहुधा तोच खर्च टाळायचा असतो.

बँक सुधारली, तरी शेपूट उरते

नवीन प्रोटोटाइप बसवल्यावर पहिल्या पायरीवरची चाचणी पुन्हा घ्यावी. आता आलेख वेगळा दिसतो: सुरुवातीला झपाट्याने वीस-पंचवीसपर्यंत चढतो, मग एक गुडघा येतो आणि त्यानंतर तो थांबत नाही, पण गोगलगायीच्या गतीने चढतो. उरलेल्या प्रतिध्वनीची शिखरे पट्ट्यांच्या सीमांवर अजूनही असतात. हे पाहून एलियासिंग अजून गेलेले नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. दोन्हींमधला भेद सोपा आहे: चाचणी दहा मिनिटे चालू द्यावी. एलियासिंगचा तळ तसाच राहतो, हा तळ हळूहळू खाली जातो.

कारण असे की आपण प्रोटोटाइप फार चांगला बनवला. १२५ हर्ट्झनंतर पट्ट्यातील ऊर्जा उताराने घसरत जाते, म्हणून त्या वारंवारतांवर फिल्टरला शिकायला सामग्रीच पुरेशी मिळत नाही. लहान आयगेन मूल्ये तेथेच जन्म घेतात. मॉर्गन यांनी १९९५ मध्ये या रेंगाळण्याचे विश्लेषण केले, आणि त्याच वर्षी डी लिऑन आणि एटर यांनी त्यावरचा उपाय प्रयोगांनी दाखवला: विश्लेषणाचा फिल्टर रुंद करा, संश्लेषणाचा अरुंद ठेवा. उताराचा भाग मग संश्लेषणाच्या बाहेर पडतो, आणि तेथे फिल्टर शिकला की नाही याची फिकीर उरत नाही.

आपल्या रचनेत हे कमालीचे नेटके बसते. विश्लेषणाचा पासबँड १८७ हर्ट्झपर्यंत आणि स्टॉपबँड ३१२ पासून ठेवावा. २५० ते ३१२ हर्ट्झमधले जे दुमडेल ते उणे २५० ते उणे १८८ या पट्टीत पडेल, म्हणजे १८७ च्या आत एकही एलियास येणार नाही. संश्लेषणाचा उतार ६३ पासून १८७ हर्ट्झपर्यंत ठेवावा, म्हणजे १२५ वर तो बरोबर ६ डेसिबल खाली असेल आणि शेजारच्या पट्ट्यांची बेरीज सपाट राहील. दोन्ही उतार १२५ हर्ट्झचेच आहेत, म्हणून दोन्ही फिल्टरांची लांबी तीच ४६४ राहते आणि विलंब एका नमुन्यानेही वाढत नाही. पट्ट्याच्या आतल्या त्रुटीत कडेचे एलियासिंग थोडे मिसळते आणि फिल्टरला किंचित हलवत राहते. पण ते बाहेर ऐकू येत नाही. येथेच ईआरएलई पट्ट्याच्या आत न मोजता संश्लेषणानंतर मोजण्याचे महत्त्व कळते, कारण पट्ट्यातले आकडे या बदलानंतर उलट वाईट दिसू शकतात.

विलंब फार काटेकोर जुळवल्याचा दोष

याची दखल क्वचितच घेतली जाते. पूर्ण पट्ट्यातला एक तीक्ष्ण आघात पट्ट्यात उतरवला की तो एका टॅपवर राहत नाही. सिंकच्या आकारात मागेपुढे पसरतो, आणि त्याचा काही भाग आघाताच्या आधीच्या टॅपांवर जातो. स्पीकर ते मायक्रोफोन हा विलंब मोजून रेफरन्स संकेत, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज, नेमका थेट आवाजाच्या शिखरावर जुळवला, तर या आधीच्या टॅपांना जागाच उरत नाही. परिणाम सर्व पट्ट्यांत सारखा दिसतो: ना कंगवा, ना शेपूट, फक्त एक सपाट तळ. आपल्या दरात एक टॅप २ मिलिसेकंदांचा आहे. जुळवणी चार ते आठ टॅपांनी सैल सोडावी आणि तितके टॅप फिल्टरला वाढवून द्यावेत. विलंब मोजणारा भाग आपोआप चालत असेल, तर तो कधीतरी स्वतःच ही मोकळी जागा खाऊन टाकतो, आणि मग "सकाळी ठीक होते, दुपारी बिघडले" अशी तक्रार येते. त्याच्या निकालातून नेहमी ठरावीक मिलिसेकंद वजा करण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये आहे ना, हे पाहून घ्यावे.

आणखी दोन किरकोळ गोष्टी येथेच उरकतो. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा असे दोनच पट्टे व्यवस्थित शिकत असतील आणि बाकीचे एकतीस मुळीच शिकत नसतील, तर अद्ययावत करण्याच्या ओळीत कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट चुकीच्या पदावर लागलेला आहे. ते दोन पट्टे वास्तव असतात, म्हणून त्यांना फरक पडत नाही. आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचे पट्टे बोलण्यावर शिकत नसतील पण पांढऱ्या नॉइजवर शिकत असतील, तर भागाकार शून्यावर जाऊ नये म्हणून मिळवलेला स्थिरांक सर्व पट्ट्यांना सारखाच दिलेला असतो. वरच्या पट्ट्यांत बोलण्याची शक्ती इतकी कमी असते की तो स्थिरांकच त्यांना गिळून टाकतो. प्रत्येक पट्ट्याच्या दीर्घकालीन सरासरी शक्तीच्या प्रमाणात तो द्यावा.

आता खोली

इथपर्यंतच्या चाचण्या पार झाल्या, वायर जोडून चाळीस-पन्नास डेसिबल मिळू लागले, आणि तरी खोलीत वीसच मिळत असतील, तर सर्वांत आधी स्पीकर बंद ठेवून मायक्रोफोनमधली शक्ती मोजावी. भिंतीपलीकडे धोट्याचे माग चालू असताना जी खटखट आत येते, ती प्रतिध्वनीपेक्षा वीस डेसिबलच खाली असेल, तर ईआरएलईचा मोजलेला आकडा विसाच्या पुढे जाणे गणितानेच अशक्य आहे, फिल्टर कितीही अचूक असो. पाळी बदलताना माग थांबतात, तेवढ्या वेळात तीच चाचणी घेतली की खरे चित्र दिसते.

मागांचा आवाज केवळ मोजमाप बिघडवतो असे नाही, तो फिल्टरलाही ढकलतो, आणि म्यूची पाळी खरी आता येते. एनएलएमएसमध्ये स्थिरावल्यानंतरची अतिरिक्त त्रुटी म्यू भागिले (२ वजा म्यू) या प्रमाणात आवाजाच्या पातळीशी बांधलेली असते. म्यू ०.५ असेल तर ती आवाजाच्या पातळीपेक्षा सुमारे ४.८ डेसिबल खाली, ०.१ असेल तर १२.८ डेसिबल खाली. सबबँडचा खरा लाभ असा की ज्या पट्ट्यांत मागांची ऊर्जा दाटलेली आहे तेथेच म्यू कमी करता येतो आणि बाकीचे पट्टे चपळ ठेवता येतात. जवळचा एखादाच माग असेल आणि ठोके सुटे ऐकू येत असतील, तर सरासरी मोजून उपयोग नाही. एकेक ठोका फिल्टरला उधळून टाकतो. तेथे त्रुटीला पट्ट्यागणिक मर्यादा घालावी, म्हणजे नेहमीच्या पातळीच्या दोन-तीन पटींहून मोठी त्रुटी तेवढ्यावरच छाटून मग अद्ययावत करावे.

घड्याळांचा फरक वेगळ्या खुणेने ओळखू येतो. मायक्रोफोन यूएसबीचा आणि स्पीकर दुसऱ्याच कार्डावर असेल, तर दोघांचे क्रिस्टल वेगळे असतात. त्यांत दहा लाखांत ५० इतका फरक असला, तर सेकंदाला ०.८ नमुना आणि मिनिटाला ४८ नमुने, म्हणजे ३ मिलिसेकंद, अंतर पडते. ५०० हर्ट्झवर ही फेज सेकंदाला फक्त ९ अंश सरकते, ७ किलोहर्ट्झवर मात्र १२६ अंश. म्हणून खालचे पट्टे सांभाळून घेतात आणि वरचे एकामागून एक हरतात; ईआरएलईचा आलेख वारंवारतेबरोबर उतरत जातो. दोन्ही यंत्रे एकाच घड्याळावर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते शक्य नसेल, तर फरक मोजत राहून रीसॅम्पलिंग करावे लागते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. दर अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. मे महिन्यात ३८ अंशांवर तापलेली खोली एसीने २६ वर आणली की वेग दोन टक्क्यांनी घटतो, आणि १०० मिलिसेकंदांवर येणारे परावर्तन २ मिलिसेकंद, म्हणजे पट्ट्यातला पुरा एक टॅप, पुढे सरकते. हा बदल अर्ध्या तासात होत असेल आणि पलीकडचा माणूस बोलत असेल, तर फिल्टर सहज मागोवा घेतो. अडचण तेव्हा येते जेव्हा मधली वीस मिनिटे इकडचेच लोक बोलत असतात: तेवढा वेळ शिकणे थांबवलेले असते, मग पलीकडून पहिला शब्द येतो आणि प्रतिध्वनी उघडा पडतो. येथे बिघाड काहीच नाही. शिकणे पुन्हा सुरू होताना पहिला अर्धा सेकंद म्यू मोठा ठेवावा. छताचा पंखा मात्र मागोव्याच्या पलीकडचा आहे. मिनिटाला ३०० फेरे घेणारी तीन पाती सेकंदाला १५ वेळा ध्वनिमार्ग हलवतात, आणि १२५ टॅपांचा फिल्टर म्यू ०.५ वर स्थिरावायलाच अर्ध्या सेकंदाच्या आसपास घेतो. मायक्रोफोन पंख्याखालून हलवावा, दुसरा इलाज नाही.

शेवटचा संशयित स्पीकर. याची चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही: आवाज ६ डेसिबलने उतरवावा आणि ईआरएलई पाहावे. ते तेवढेच राहिले, तर दोष अजून फिल्टर बँकेत, टॅपांत किंवा जुळवणीत आहे. ते ६ डेसिबलने घसरले, तर मर्यादा खोलीतल्या आवाजाची आहे. आणि ते वाढले, तर स्पीकर विकृती निर्माण करतो आहे. तिसऱ्या हार्मोनिकची विकृती असेल तर मूळ आवाज ६ ने उतरताच ती १८ ने उतरते, म्हणजे ईआरएलई बारा डेसिबलने वाढू शकते. ३०० हर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक ९०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि त्या पट्ट्याच्या रेफरन्समध्ये त्याच्याशी जुळणारे काहीच नसते, म्हणून रेषीय फिल्टर तेथे हतबल असतो. खोलीतल्या मंडळींना आवाज कमी चालत नसेल, तर मोठा स्पीकर घ्यावा; तोही नको असेल, तर उरलेल्या प्रतिध्वनीचा सप्रेसर (तो दाबणारा भाग) प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या उंबरठ्याने चालवावा आणि तो उंबरठा माग चालू असतानाच ठरवावा, कारण शांत खोलीत ठरवलेला उंबरठा दुपारच्या पाळीत मागांच्या खटखटीलाच प्रतिध्वनी समजून इकडच्या माणसाचे शब्द खाऊ लागतो.